पडद्याखालचा बूट

बुधवार, १०

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांमध्ये आज एकाची भर पडली आहे. माझ्या खाटेभोवतीचा पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही. चांगला दीड वीत आखूड आहे. ज्याने शिवला त्याच्या मते आजारी माणसाची अब्रू गुडघ्याच्या वरच संपत असावी. मी रीतसर तक्रार केली.

सिस्टर म्हणाली, "धुऊन धुऊन आटला तो."

"मग पेशंटला धुऊ नका."

ती हसली नाही. माझ्या डोक्यामागच्या यंत्राकडे बघून म्हणाली, "काका, एकशे अठरा. विनोद बंद."

हा इथला कायदा. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे दहाच्या आसपास ठेवायचा. राग नको, हसू नको, जोरात खोकणं नको, कुंथणं तर नकोच. पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांना टोचून ज्याने पोट भरलं, त्याने आता संत व्हायचं नाहीतर मरायचं. दोन्हीची मला सवय नाही.

कारण असं. सोमवारी भावजींची गाडी वळणावर उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. इथले सर्जन फार सावकाश आणि पाइपांच्या भाषेत बोलतात, म्हणून मी त्यांना नळवाले म्हणतो. नळवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे गाडी थांबली, पट्ट्यामुळे मीही थांबलो, पण छातीतलं हृदय काही थांबायला तयार नव्हतं. ते पुढे झेपावलं. हृदयातून निघालेली महाधमनी कमानीसारखी वळून पाठीच्या कण्याला लागते आणि तिथे पक्की बांधलेली असते. ती जागची हलली नाही. एक पुढे, एक मागे, आणि मधल्या जागी फाटलं. आतले थर गेले. बाहेरचा एक पापुद्रा तेवढा रक्त धरून आहे.

"केवढा जाड?" मी विचारलं.

"कांद्याचं साल बघितलंय ना?"

मग आजच शिवत का नाही? तर डोक्यातही थोडं रक्त साकळलंय. नळाला आतून अस्तर बसवताना रक्त पातळ करावं लागतं, आणि पातळ रक्त डोक्यात वाहू लागलं तर नळ दुरुस्त आणि घर पाण्यात. म्हणून थांबायचं. सालाच्या भरवशावर.

डायरीला परवानगी मिळाली. नळवाले म्हणाले, "लिहा, मन मोकळं होईल. फक्त गमतीचं लिहू नका."

भावजींचं विचारलं. गाडी तेच चालवत होते. म्हणजे गाडी चालत होती आणि भावजी बोलत होते. ताई म्हणाली, "वरच्या मजल्यावर आहेत, हाडांच्या वॉर्डात. डावा पाय मोडलाय. बाकी ठीक." एका दमात म्हणाली, शाळेतली कविता म्हणावी तशी.

गुरुवार, ११

आखूड पडद्याचा एक फायदा सापडला. माणूस आत यायच्या आधी त्याचे पाय येतात. नळवाल्यांचे रबरी बूट, एकावर आयोडीनचा डाग. बायकोच्या निळ्या चपला, डावी बाजू झिजलेली. इतकी वर्षं शेजारून चाललो, ती कलून चालते हे मला पडद्याने सांगितलं. ताईच्या चपला मात्र येऊन थांबतात. टाचा वर होतात, टेकतात, वर होतात, टेकतात. लहानपणी तोंडी परीक्षेच्या दारात ती असंच करायची. मग आत येते ती हसतच.

आज तशीच आली. मोबाइल नाकाशी धरून म्हणाली, "यांचा निरोप आहे. म्हणतात, काट्या, पॉलिश कधी?"

काट्या म्हणजे मी. अंगाने तसा होतो म्हणून लहानपणी पडलेलं नाव. पुढे जिभेने ते सार्थ केलं.

पॉलिशचं असं की भावजी आणि मी दर रविवारी बुद्धिबळ मांडतो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या बुटांना पॉलिश करायचं, हा आमचा जुना करार. भावजी इतके वाईट खेळतात की माझे बूट शहरात सर्वांत चकचकीत असतील. पण परवाच्या रविवारी मी हरलो. कसा, ते लिहिणार नाही. भावजींनी आपले तपकिरी बूट विजयी मुद्रेने माझ्या पुढ्यात ठेवले. मी म्हटलं, "उद्या." त्या 'उद्या'ला आम्ही त्यांना हवं असलेलं एक जुनं कपाट बघायला निघालो, आणि वाटेत तो ट्रक.

"त्यांना सांग, पडल्यापडल्या पॉलिश होत नाही," मी ताईला म्हटलं. "नवा डाव मांडा. मी जिंकलो तर उधारी रद्द."

ताईने बोटं चालवली. थोड्याच वेळात वाचलं, "उधारी पटावर रद्द होत नाही. डाव मांडतो. राजापुढचं प्यादं, दोन घरं."

मला नवल वाटलं. हा माणूस 'हो' टाइप करायला चष्मा शोधतो, चष्मा सापडेपर्यंत प्रश्न विसरतो. त्याने एवढं वाक्य, तेही झटपट? पाय मोडल्याने डोक्याला रक्त जास्त मिळत असेल.

आणखी एक. ताईच्या चष्म्याच्या काचांत मला खिडकी दिसत होती, माझी खाट दिसत होती. मोबाइलचा उजेड तेवढा दिसत नव्हता. बॅटरीच्या बाबतीत ती पहिल्यापासून चिकट.

शुक्रवार, १२

आज बायकोशी भांडायचे प्रयत्न केले. सगळे फुकट गेले.

म्हटलं, "तू भाजीत मीठ कमी घालतेस."

"हो, तुमचं बरोबर आहे."

"तुझा भाऊ कंजूष आहे."

"आहे खरा."

"अगं, गेल्या महिन्यात याच वाक्यावर तू चार दिवस अबोला धरलास!"

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि माझं पांघरूण नीट केलं. ते आधीच नीट होतं.

मला भीती वाटली. सिस्टर हळू बोलते, नळवाले हळू बोलतात, बायको सगळं मान्य करते. कोणी माझ्याबद्दल वाईट बोलत नाही. माणसाबद्दल इतकं एकमत एकाच प्रसंगी होतं. मी पांघरुणाखाली स्वतःला चिमटा काढून पाहिला. दुखलं. यंत्रावर एकशे सहा. म्हणजे निदान यंत्राच्या मते मी आहे.

भावजींच्या भुकेबद्दल साक्षी जुळत नाहीत. बायको म्हणते, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतात. ताई म्हणते, घास उतरत नाही. बायको खोटं बोलते आहे हे कळतं, कारण ती खोटं बोलताना खिडकी बघते. पण भावजी उपाशी आहेत हे माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे?

डाव चालू आहे. भावजी उंटाला उंट म्हणत नाहीत, 'तिरका' म्हणतात; साऱ्या दुनियेत हा शब्द त्यांचा एकट्याचा. आज निरोप आला, "तिरका बाहेर काढला." वाचून बरं वाटलं. मात्र खेळ भावजींचा वाटत नाही. भावजी घोडा उडवतात आणि मग पट बघतात. हा माणूस आधी बघतो आहे.

शनिवार, १३

भेटीची वेळ संपली होती. दुपार होती, लख्ख उजेड. मला झोपेचं काही दिलेलं नव्हतं. सिस्टरला मागाहून मुद्दाम विचारून खात्री केली.

पडद्याखाली एक बूट दिसला.

तपकिरी. उजवा. नाकावर ती आडवी चीर, भावजींनी कोठीच्या दारात पाय अडकवून घेतला होता तेव्हाची. नाडीची टोकं आत खोचलेली, कारण लोंबती नाडी म्हणजे पडायचं आमंत्रण असं भावजींचं मत. बुटात पाय होता. राखाडी मोजा, वर पँटची कड. बूट धुळीने भरलेला, नाडीत वाळलेल्या गवताची काडी. डावा बूट नव्हता, डावा पायही टेकलेला नव्हता. बरोबर आहे, मोडलेला पाय कोण टेकेल.

माझी थकबाकी स्वतः चालत आली होती.

"भावजी, या की आत," मी म्हटलं. "वसुलीला आलात वाटतं?"

बूट हलला नाही. एका पायावर उभा माणूस जरा तरी डुलतो. कुबडीची रबरी टोपी जमिनीवर टेकलेली दिसायला हवी होती. दिसली नाही. भावजींना दोन मिनिटं गप्प राहायला कधी जमलं नाही, तेही आज जमत होतं.

मग यंत्र कोकललं. आकडा चढला म्हणून नाही, उतरला म्हणून. ब्याऐंशी. सिस्टर धावत आली, पडदा ओढला, पलीकडे मोकळी फरशी. माझ्या खाटेचं डोकं खाली केलं, औषधाच्या थेंबांचा वेग बदलला.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाही काका. दार बंद आहे, चावी माझ्याकडे."

भावजी फार दिवसांनी एखादी गोष्ट चोरून करायला शिकले म्हणायचे.

सोमवार, १५

काल ताई आली नाही. बायको म्हणाली, "त्यांना बरं नाही." खिडकीकडे बघून.

आज आली. टाचांचा कार्यक्रम लांबला. मी आतूनच ओरडलो, "ये गं, परीक्षा नाहीये." आत आल्या आल्या तिला सांगितलं की भावजी शनिवारी येऊन गेले.

ताई स्टुलावर बसली. स्टूल तिथे आहे की नाही हे न बघता बसली, नशिबाने होतं.

"काय दिसलं तुला?"

"त्यांचा बूट. पडद्याखालून."

"हो," ती म्हणाली. मग पदर सावरून, "हो, मीच म्हटलं होतं त्यांना, आत जाऊ नका, त्याला हसू येईल." मग तिने विचारलं, "कसे दिसत होते?"

"अगं, बूटच दिसला फक्त."

"मग बूट कसा होता?"

"धुळीचा. नाडीत गवत अडकलं होतं."

ताईने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. पुसतच राहिली. जी बाई नवऱ्याला दिवसातून चारदा जिना चढून भेटते ती त्याच्या बुटाची अशी चौकशी करते. संसार म्हणजे हेच असावं. माणूस रोजचा, म्हणून त्याच्या बुटाकडे कोणी बघत नाही.

तेवढ्यात नळवाले आले. डोक्यातलं रक्त विरतंय, परवा अस्तर बसवू, म्हणाले. मांडीतल्या धमनीतून तार वर न्यायची, तिच्यावरून गुंडाळलेलं कापडी अस्तर, जाळीसकट. फाटक्या जागी पोचलं की छत्रीसारखं उघडायचं. छाती उघडायची नाही. पूर्वी उघडावी लागायची. धोके त्यांनी आवाज न बदलता सांगितले. पाय लुळे पडू शकतात, कारण कण्याला रक्त त्याच नळातून जातं. फाटलेली जागा डाव्या हाताच्या फाट्याला अगदी लागून आहे, तेव्हा तो फाटा अस्तराखाली झाकला जाईल बहुतेक.

"आणि काही केलं नाही तर?"

"तर साल," ते म्हणाले. "तुम्ही इथवर आलात हेच विशेष. ही इजा झालेली बहुतेक माणसं रस्त्यावरच जातात. तुमच्याच गाडी..."

ताईच्या हातून पाण्याच्या भांड्याचं झाकण पडलं. केवढा तो आवाज. सगळ्यांनी यंत्राकडे पाहिलं. एकशे नऊ.

"तुमच्याच गाडीचा पट्टा चांगला होता," नळवाले म्हणाले. प्रथमच भरभर बोलले.

बुधवार, १७

थोड्या वेळात नेतील. सही केली. सही वाकडी आली, नळवाल्यांनी दुसरीकडे बघितलं. सभ्य माणूस आहे.

खरं लिहायचं तर मला पायांची भीती वाटते. मरणाची वाटत नाही असं नाही, पण मेल्यावर आपण तक्रार करणार नाही. पाय गेले तर मी रोज करीन, आणि बायको रोज "तुमचं बरोबर आहे" म्हणेल.

ताईला म्हटलं, "भावजींना एकदा खाली आण ना. चाकांच्या खुर्चीवरून."

"नंतर."

"एकदा शिव्या देऊन जातो त्यांना."

"नंतर दे. ते कुठे जातायत?"

मग तिने मोबाइल वर धरला आणि शेवटचा निरोप वाचला, "काट्या, उधारी ठेवून जायचं नाही." चष्म्यात खिडकी दिसत होती. उजेड आजही नव्हता. मोबाइल दाखव, असं मी म्हटलं नाही. का, ते मला माहीत नाही.

शनिवार, २०

जिवंत. डोळे उघडले तर नळवाले माझ्या पायथ्याशी उभे. "बोटं हलवा." मी हलवली. दोन्ही पायांची. नळवाल्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. म्हणजे त्यांनाही घाम येतो.

डावं मनगट मात्र मुकं आहे. सिस्टरने नाडी शोधली, मी शोधली, बायकोने शोधली. नाही. हात हलतो, लिहिताना वही धरतो, पण गार आहे, दुसऱ्याचा असावा तसा. नळवाले म्हणाले, "फाटा झाकावा लागला. रक्त आडवाटांनी पोचतंय. जड पडला, दुखला तर सांगा, नाहीतर असाच राहू द्या." बायको झोपेत माझा हात लागून दचकेल, एवढाच तोटा.

दुपारी ताई आणि बायको बरोबर आल्या. ताईच्या चपला आज बाहेर थांबल्या नाहीत.

"सिस्टर, किती आहे?" ताईने विचारलं.

"एकशे चौदा."

"आता चालेल ना?"

"डॉक्टर हो म्हणालेत."

काय चालेल ते मला कोणी सांगेना. मी म्हटलं, "भावजींची खेळी आण. माझा घोडा आता त्यांच्या वजिरासमोर बसतोय."

"नाही बसत," ताई म्हणाली. "तिथे माझं प्यादं आहे."

"तुझं?"

"माझं. पहिल्यापासून माझंच होतं, काट्या."

इतकी वर्षं रविवारी ती पटाशेजारी बसून शेंगा सोलायची. आम्हाला वाटायचं, शेंगा सोलते.

यंत्राचा आवाज वाढला. एकशे बत्तीस. सिस्टर पुढे आली, ताईने तिला हाताने अडवलं. "आता फाटणार नाही ना?"

"नाही."

"मग रडू दे त्याला."

भावजी त्या वळणावरच गेले. तेच फाटलं होतं, त्याच जागी. माझ्या सालाने धरलं, त्यांच्या सालाने धरलं नाही. मंगळवारी सगळं आटोपलं, आणि बुधवारी ताई माझ्या पडद्याबाहेर येऊन टाचा वरखाली करत उभी राहिली. "तुझा आकडा वाढला तर तूही जाशील, म्हणाले डॉक्टर. मग काय करणार?" एवढंच म्हणाली. बायको आज खिडकीकडे बघत नव्हती.

शेवटी मी विचारलं, "मग शनिवारी कोण आलं होतं?"

ताईने माझा गार हात दोन्ही हातांत घेतला.

"ते मी तुला विचारणार होते," ती म्हणाली.

रविवार, २८

घरी सोडून चार दिवस झाले. बायकोने सकाळी मीठ जास्त पडल्यावरून मलाच बोल लावले. मी कृतज्ञतेने ऐकून घेतलं.

दुपारी ताईकडे गेलो. पट मांडलेला नव्हता. तिने चहा केला, सवयीने तीन कप काढले, एक परत ठेवला. मी तिसऱ्या कपाबद्दल काही विनोदी बोललो नाही. इथे नोंद करून ठेवतो, कारण यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

रुग्णालयातून मिळालेली पिशवी कोपऱ्यात होती. तिने ती अजून उघडली नव्हती. म्हणाली, "तू बघ." चष्म्याचं घर, किल्ल्या, रुमाल, तळाशी बूट. एकच.

"दुसरा मिळाला नाही," ताई म्हणाली. "पोलीस म्हणाले, गवतात खूप शोधला."

मी बूट उजेडात धरला. डावा. नाकावर चीर नाही. ही वही माझ्या पिशवीत होती. मागची पानं मी उलटली नाहीत.

कोठीतून पॉलिशची डबी आणि ब्रश आणला, पायरीवर बसलो. बूट घासताना डावा हात आत घालावा लागतो. घातला. आत बूट कोमट होता. गार हाताला सगळंच कोमट लागत असावं. आधी कोरडा ब्रश मारला, मग पॉलिश, मग थुंकी लावून फडकं, भावजींना हवं असायचं तसं. ताई दारात उभी राहून बघत होती. "टाच राहिली," म्हणाली. टाचही केली. नाडीची टोकं आत खोचली.

मग बूट दाराशी ठेवला, त्याच्या नेहमीच्या जागी भिंतीला लावून, आणि उजवीकडे एका बुटाएवढी जागा सोडली.